खांद्याचं तेल

धोंडू थाळी वाजवत आला तो शेजारच्या सोनूबाईच्या अंगणापर्यंत. "डोंगराला भेग गेलीय, शाळेत चला! गुरां सोडा, शाळेत चला!" ओरडून ओरडून त्याचा घसा बसला होता. मथुरा पडवीत बसून सुकट निवडत होती. थाळीचा आवाज जवळ आला आणि दगडी गडग्यापाशी थांबला. धोंडूने थाळी काखेत मारली, खाली मान घालून तो मथुराच्या अंगणाच्या कडेकडेने पुढे गेला, आणि पलीकडच्या घराशी पोचल्यावर पुन्हा वाजवायला लागला.

"बगितलास?" मथुरा म्हणाली.

तिचा नवरा विठू खांबाला टेकून तंबाखू मळत होता. "बगितला."

"मंग?"

"मंग काय? आपल्याला कुठं सांगितला?"

पाऊस दोन दिवस खळ घेत नव्हता. डोंगरमाथ्याच्या सड्यावरून पाणी असं उतरत होतं की मागच्या डोंगराचा आवाज घरात बसून ऐकू येत होता. तरी विठूचं म्हणणं चूक नव्हतं. मागल्या वादळात घरची सगळी न बोलावता शाळेत गेली होती. कोणी जा म्हटलं नाही, पण वर्गात त्यांना सतरंजीवर जागा कोणी दिली नाही. रात्रभर व्हरांड्यात भिजत बसली, आणि सकाळी पेजेचं पातेलं त्यांच्या समोरून आत गेलं. तेव्हापासून विठूने ठरवलं होतं, बोलावणं नाही तिथे पाय ठेवायचा नाही.

हे सगळं एका खळ्यावरून. देवीच्या पालखीला नवी सहाण बांधायची होती, पालखी टेकवायला मोठा चौथरा. गावकीला विठूचं खळंच पाहिजे होतं, कारण ते सपाट होतं आणि रस्त्याला लागून होतं. विठू म्हणाला, "भात झोडायचा कुठं मी, तुमच्या डोक्यावर?" तो बोलला हसत, पण बैठकीत कोणी हसलं नाही. त्या शिमग्याला पालखी त्यांच्या दारावरून नाचत गेली आणि दारात आली नाही. मग विहिरीवर बायका गप्प झाल्या. मग लावणीला कोणी येईनासं झालं, यांना कोणी बोलवीनासं झालं. सोनूबाई आणि मथुरा एकाच वैशाखात लग्न होऊन या वाडीत आलेल्या. एकीने दळायचं, दुसरीने घालायचं असं जातं ओढलेल्या. तीसुद्धा मथुराला बघितलं की पदर ओढून घेऊन आंब्याच्या झाडाकडे बघायला लागली.

"पोरीला तरी हलवू या," मथुरा म्हणाली. सून समीक्षा आत भिंतीला पाठ लावून बसली होती. तिला सातवा सरत आला होता. गेल्या वर्षीचं पहिलं पोर अवेळी झालं, तेव्हा वाडीतली रिक्षा दारात उभी असून मिळाली नव्हती. रिक्षावाला म्हणाला होता, टायर बसलाय. मथुराने जाताना बघितलं, टायर चांगला टणक होता. दवाखान्यात पोचेपर्यंत पोर गेलं.

सुजयने बायकोला आणि आईला खालच्या शेतातल्या मांगरात नेलं. मांगर म्हणजे कौलं घातलेली आडोशाची खोली, पण डोंगरापासून लांब. विठू मागे राहिला. "गाय सोडतंय आणि येतंय," म्हणाला. तो रात्रभर आलाच नाही, आणि पहाटे उजाडता उजाडता डोंगर खाली आला. मोठा आवाज झाला नाही. कोणीतरी भाताचं पोतं जमिनीवरून ओढत न्यावं तसा आवाज झाला, आणि मथुरा बाहेर येऊन बघते तो घराच्या मागची फणसाची झाडं नव्हती. गोठाही नव्हता.

सुजय पहार घेऊन धावला. चिखल मांडीपर्यंत होता. वर शाळेच्या व्हरांड्यात सगळी वाडी ओळीने उभी होती. बाया, म्हातारे, पोरं कडेवर घेतलेल्या सुना. मथुराने वर बघून हाक मारली. "अवो कोणतरी या रे! माणूस हाय खाली!" ओळीतलं कोणी हललं नाही. आप्पा गावकर, गावकीचा मुख्य, छत्री धरून उभा होता. त्याने छत्री या हातातून त्या हातात घेतली.

आली ती परकी पोरं. चिपळूणला कसलं तरी शिबिर चाललं होतं. शेजारच्या देशांतली पोरं, पूर आला, दरड आली तर काम कसं करायचं ते एकमेकांना शिकवणारी. पाऊस असा लागला की शिबिर तिथेच राहिलं आणि पोरांच्या तुकड्या गावोगाव निघाल्या. या वाडीला चौघं आली. रस्ता खचलेला, म्हणून गाडी टाकून पऱ्ह्याच्या ओढ्यातून चालत आली. पुढे होता टेकराज, नेपाळचा. त्याचा बाप रत्नागिरीकडे आंब्याच्या बागेत राखण करायचा, म्हणून तो तिकडच्याच शाळेत चौथीपर्यंत शिकला होता आणि मराठी बोलत होता. मोनीर बांगलादेशचा, काटकुळा, चष्मा सारखा चिखलाने भरणारा. सुरंगा आणि निलूका ही श्रीलंकेची दोघं भावंडं. निलूका नर्स होती.

त्यांना वाडीतलं काही माहीत नव्हतं. माणूस खाली आहे एवढं कळलं, आणि त्यांनी पाठीवरच्या पिशव्या खाली टाकल्या.

फावडं आधी चाललं, मग फावड्याने माणसाला लागेल म्हणून हातांनी चाललं. गोठ्याच्या जांभ्या चिऱ्यांचा ढीग पडला होता. चिरा ओला झाला की दुप्पट जड होतो. मोनीरची नखं उलटली. टेकराज एकेक चिरा छातीशी धरून उचलायचा आणि मागे फेकायचा. शेवटी विठूचा हात दिसला, मग डोकं. तो जिवंत होता. कमरेखाली मात्र सगळं चेपलेलं होतं.

"गाय?" त्याने विचारलं.

"गेली," सुजय म्हणाला.

"मग मना कशाला काडलाव?"

टेकराजला हसू आलं आणि मग त्याने हनुवटी खाली घेतली.

मांगरात त्याला ठेवलं. निलूकाने त्याची तुमान कात्रीने कापली, अंग पुसलं, सुया लावल्या. तिचं एकही वाक्य मथुराला कळत नव्हतं. पण विठू कण्हला की ती जे बोलायची, ते ऐकून तो गप्प व्हायचा. मथुराच्या आयुष्यात परक्या बाईने तिच्या नवऱ्याला हात लावल्याची ही पहिलीच वेळ, आणि तिला त्यात काही वाटलं नाही, याचंच तिला नवल वाटलं. रस्ता होईना, हेलिकॉप्टर त्या ढगात येईना. दुसऱ्या दिवशी दुपारी विठू गेला. पाणी मागितलं, निम्मं प्यायला, निम्मं गळ्यावरून उतरलं.

*

मयताला बांबू लागतात. बांबूचं बेट सोनूबाईच्या परसात. सुजय कोयता घेऊन गेला तर सोनूबाईचा नवरा बेटापुढे खुर्ची टाकून बसला होता. पावसात, डोक्यावर प्लास्टिक घेऊन. सुजय थोडा वेळ समोर उभा राहिला. मग सुजय परत आला.

"आमच्याकडे स्ट्रेचर आहे, आज्जी," टेकराज म्हणाला.

"नको रे बाबा. माणसाला बांबूवरच न्यायचा. तो काय आजारी हाय आता?"

टेकराज खाली पऱ्ह्यापलीकडे मोहल्ल्यात गेला. तिथून बांबू, सुतळी आणि पांढरं कापड आणलं. मोहल्ल्याला गावकीची बंदी लागू नव्हती. तिरडी त्यानेच बांधली. आमच्याकडे गाठ वेगळी मारतात, तो म्हणाला, पण सुटणार नाही.

सुजयने पुढे विस्तवाचं आगटं धरलं. खांद्याला चौघं लागतात. टेकराज आणि सुरंगा पुढे. मागे मोनीर, आणि चौथं कोणी नव्हतं. सुजयने वाडीकडे बघितलं. पाखाडीच्या वरच्या पायऱ्यांवर माणसं बसलेली होती, हातावर हात ठेवून. तेव्हा निलूका आपली केसांची गाठ घट्ट करून पुढे झाली आणि बांबूखाली शिरली.

"बाई माणूस खांदा देताय!" वरून धोंडूचा आवाज आला. "विठ्याचा थाट बघा रे. चार खांदे नि तीन देश!"

पायऱ्यांवर हशा झाला. मथुराने हशातला आप्पाचा आवाज ओळखला, आणि त्यातलं एक बारीक हसणं सोनूबाईचं होतं, तेही ओळखलं.

चौघांच्या उंच्या सारख्या नव्हत्या. निलूका बुटकी, म्हणून तिरडी तिच्या बाजूला कलायची आणि सगळा भार तिच्यावर यायचा. मोनीरची चप्पल चिखलात रुतून राहिली, ती त्याने काढलीच नाही, तसाच अनवाणी चालला. मसणवटीची शेड गावकीची, तिला कुलूप. म्हणून विठूला त्याच्या स्वतःच्या माळावरच्या वरकस जमिनीत जाळलं. लाकडं ओली, धूर जमिनीलगत पसरला. पोरं दिवेलागणीपर्यंत आळीपाळीने कौलाच्या तुकड्यांनी वारा घालत बसली. बायकांनी मसणात जायचं नसतं. मथुरा बांधावर उभी राहून बघत होती.

मयताच्या घरात चूल पेटवायची नसते, शेजाऱ्यांनी पेज आणायची असते. सोनूबाईची सासू गेली त्या पावसात विठूने पऱ्ह्याच्या छातीभर पाण्यातून तिची तिरडी डोक्याच्या वर धरून नेली होती आणि मथुराने तीन वेळची पेज पोचवली होती. मीठ कमी पडलं म्हणून पुन्हा मीठ घेऊन गेली होती. आज पातेलं घेऊन आली ती निलूका. मसूर आणि तांदूळ एकत्र शिजवलेले, तिखट डोळ्यांतून पाणी काढणारं. समीक्षा दोन घास खाऊन रडायला लागली. तिखटाने की कशाने, कोणी विचारलं नाही.

*

पोरं गेली नाहीत. वाडीची गटारं मोकळी करायची होती, विहीर उपसायची होती. सकाळी वाडीचं काम करत. वाडी त्यांना चहा द्यायची, फोटो काढून घ्यायची. दुपारनंतर ती मथुराच्या शेतात यायची. शेतात डोंगराची माती आणि गोटे येऊन पडले होते. गोटे घमेल्यात भरून बांधावर टाकायचे, माती ओढायची, पाणी लावायचं. भातरोपांचा तरवा खालच्या कोपऱ्यात वाचला होता. लावणीचे दिवस सरत चालले होते.

सुतक असून मथुरा चिखलात उतरली. कोण बोलणार होतं तिला? ती पुढे, तिच्यामागे मोनीर. मोनीर शेतकऱ्याचा पोर, त्याचा हात तिच्याहून चलाख. सुरंगाचं रोप मात्र पाण्यावर तरंगायचं. मथुरा ते उपटून पुन्हा लावायची आणि म्हणायची, "तुज्या देशात काय भात हवेत लावतात?" टेकराज हे सांगायचा आणि सगळे हसायचे. हसताना मथुराला वाटायचं, नवरा जाऊन किती दिवस झाले आणि मी दात काढतंय. पण तिच्या लग्नानंतरच्या लावण्या अशाच होत्या. आख्खी वाडी एका शेतात, मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. संध्याकाळी पाठ सरळ होत नसे तरी बायका एकमेकींच्या पाठीवर चिखलाचे पंजे उठवून पळायच्या. चार पावसाळे ती या शेतात एकटी वाकली होती. आता मागे पावलांचा चुबूक चुबूक आवाज येत होता, तेवढ्यानेच कंबर हलकी वाटत होती.

निलूका डावा खांदा सारखा चोळत होती. मथुराने तिला बांधावर बसवलं, गळ्यापाशी सदरा सरकवून बघितलं. कातडी निळी पडली होती.

"तेराव्याला उतरवतंय," ती टेकराजला म्हणाली. "तिला सांग."

"काय उतरवता?"

तेव्हा तिने त्याला रीत सांगितली. वाडीची फार जुनी रीत. मयताला ज्यांनी खांदा दिला त्यांच्या खांद्यावर तेराव्यापर्यंत मेलेल्याचं ओझं राहतं. तेराव्याला घरची थोरली बाई हाताला खोबरेल घेते आणि एकेकाचा खांदा चोळून देते. 'उतरला' असं म्हणते. मग ते पहिल्या पंगतीला बसतात, त्यांच्याआधी कोणी घास घ्यायचा नाही. खांदा उतरवला नाही तर मेलेला माणूस त्या खांद्यावरून खाली उतरत नाही, आणि घरचे त्या माणसाचे जन्मभर देणेकरी राहतात. नवी सून होती तेव्हा मथुराने आपल्या सासूला हे करताना बघितलं होतं. पुरुषांची ओळ उघड्या अंगाने बसलेली, खांदे तेलाने चमकत होते, आणि सासू म्हातारी एकेकाला नावाने हाक मारत पुढे सरकत होती.

टेकराजने हे तिघांना सांगितलं. मोनीरने काहीतरी विचारलं.

"तो म्हणतो, मी मुसलमान आहे, मलाही चालेल काय?"

"वजन तुज्या खांद्यावर व्हता का तुज्या धर्मावर?" मथुरा म्हणाली. "बस म्हणावं गप."

त्या संध्याकाळी तिने फडताळातली बाटली काढून बघितली. घरचं खोबरेल, विठूने घाणीवरून आणलेलं. चौघांपुरतं होतं.

*

आप्पा गावकर आला तो एकटा नव्हता. मागे धोंडू होता, आणि धोंडूच्या मागे, अंगणाच्या कडेला, सोनूबाई. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांचे पाय या अंगणाला लागले. मथुराने पाट दिले. आप्पा बसला आणि खळ्याकडे बघत राहिला.

"मथुरावयनी, झाला ता झाला," तो म्हणाला. "विठूदादा आमचाच व्हता."

मथुरा उंबऱ्यावर बसली.

"या परदेशी पोरांचा सत्कार ठेवलाय शाळेत. मोठे सायेब येणार हायत. आमी म्हटला, त्याच दिवशी विठूदादाचं तेरावं वाडीने घालावं. आख्ख्या वाडीचं जेवण. तुमी घरात चूल पेटवू नका."

"येवडी दया कशी काय आली?"

आप्पाने घसा साफ केला. "त्यांच्या शिबिराची जी मुख्य बाई हाय, ती सायबांना बोलली, मयताला गावचा एक माणूस नव्हता. आता कायदा कडक हाय, वयनी. वाळीत टाकला असा शब्द जरी कोण बोलला तरी आत घालतात. सायेब तुमाला तितं विचारतील."

"मंग?"

"तुमी सांगायचा, खांदा वाडीने दिला. पोरांनी पण मदत केली, पण खांदा वाडीने दिला. मी, धोंडू, हिचा घरवाला आणि आमचा बारका. आणि तेल तुमी आमाला लावायचा. सगळ्यांच्या समोर. तेल लावलात की मग कोण काय विचारणार?"

मथुरा उठून उभी राहिली. "तुज्या खांद्याला? ह्या हातानी?"

"उद्यापासून तुमी आमच्यात," आप्पा शांतपणे म्हणाला. "लावणी, विहीर, पालखी, सगळा. नाय बोललात तर आमी जेलात जाऊ. जाऊ, काय? पण सुटून हितंच येणार ना? तुमी पण हितंच ऱ्हाणार."

"आणि खळा?"

आप्पाने सुजयकडे बघितलं. सुजयने मान खाली घातली.

"खळ्याचा सुजयने कालच कबूल केलान," आप्पा म्हणाला.

ते गेल्यावर मथुरा सुजयपुढे उभी राहिली. "बापूस ज्या खळ्यासाठी मेला ता तू दिलास? त्याची राख तरी गार व्हायची व्हती रे."

"आये, बापूस हट्टाने मेला," सुजय म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. "थाळी त्याला पण ऐकू आली व्हती. मेल्याला चार खांदे मिळाले. आता जो जिता येतोय त्याचा बग. त्याला रिक्षा पायजे. चौघं पोरं परवा आपल्या देशाला जातील. ती काय समीक्षाचं पोट धरून बसणार हायत?"

समीक्षा दारात उभी होती. ती सासूला कधी उलट बोलली नव्हती. पोटावर हात ठेवून नुसती बघत राहिली. मथुराला ती नजर सहन झाली नाही. ती बाहेर आली तर सोनूबाई अजून गडग्यापाशी होती.

"वयनी," सोनूबाई म्हणाली, आणि चार वर्षांनी ऐकलेल्या त्या हाकेने मथुरा जागच्या जागी थांबली. "लाव गो तेल. तेलाला काय कळताय कोणाचा खांदा हाय ता? मी येईन तुज्या सुनेच्या बाळंतपणाला. मी स्वता नाळ कापीन."

"तू हसलीस त्या दिवशी."

"हसलंय," सोनूबाई म्हणाली. "न हसून काय करतंय? उद्या मना पण टाकला असता."

*

शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. खुर्च्या, हार, बोलायचा माईक. साहेबांच्या शेजारी चौघं पोरं धुतलेल्या कपड्यांत बसली होती. त्यांच्या गळ्यात शाली. चूल मागे पेटली होती, भाताचा वास येत होता.

आप्पाने भाषण केलं. तो चांगला बोलायचा. शेजारधर्म म्हणाला, माणुसकीला सीमा नाही म्हणाला, आमची वाडी या पोरांचे उपकार सात पिढ्या विसरणार नाही म्हणाला. टाळ्या झाल्या. सुरंगाने वाडीतल्या पोरांनाही टाळ्या वाजवायला लावल्या. टेकराज आपल्या सोबत्यांच्या कानाशी वाकून एकेक वाक्य सांगत होता, आणि निलूका मान हलवत होती.

मग साहेबांनी मथुराला पुढे बोलावलं. तरुण होते, बोलणं मऊ.

"आजी, घाबरू नका. काय झालं ते सांगा. गावाने तुम्हाला मदत केली का?"

मथुराने पदर डोक्यावर घेतला. टेकराजकडे बघायचं नाही असं तिने घरून ठरवून आणलं होतं.

"केली."

"मयताला खांदा कोणी दिला?"

समीक्षा बायकांत बसली होती. सोनूबाईने तिच्या पाठीमागे उशी लावून दिली होती.

"वाडीने दिला," मथुरा म्हणाली. "आप्पाने, धोंडूने... घरच्या माणसांनी दिला. या पोरांनी पण लई केला. पण खांदा वाडीचा व्हता."

साहेबांनी सुटका झाल्यासारखी मान हलवली. "तुम्ही काय ऐकलं होतं त्याचा काहीतरी गैरसमज झाला असेल," ते टेकराजला म्हणाले. "भाषेचा प्रश्न येतो. यांना सांगा, आजी काय म्हणाल्या ते."

टेकराज उठला. आता बघणं भाग होतं. त्याचा चेहरा लाल झाला नाही, काही नाही. तो आपल्या सोबत्यांकडे वळला आणि त्यांना कळणाऱ्या इंग्रजीत बोलला. थोडं बोलून थांबला, पुन्हा बोलला. मोनीरने चष्मा काढून डोळे पुसले. निलूका उठून उभी राहिली आणि मथुराला दोन्ही हात जोडले. मग सुरंगानेही जोडले. तेव्हा मथुराला कळलं, की त्याने त्यांना तिचे आभार सांगितले. ती जे बोलायला तेरा दिवस जगली होती ते सगळं त्याने तिच्या तोंडी घातलं होतं.

धोंडूने तेलाची वाटी तिच्या हातात दिली. घरची बाटली तिने आणली नव्हती, वाडीने विकतचं आणलं होतं. चौघंजण पाटांवर ओळीने बसले, सदरे काढून. आप्पाचा खांदा गोरा आणि मऊ होता. त्यावर ओझ्याचा एक डागही नव्हता. मथुराने तेल घेतलं आणि चोळलं.

"नीट चोळा, वयनी," आप्पा हळूच म्हणाला. "सायेब बघतायत."

"उतरला," मथुरा म्हणाली.

धोंडूच्या खांद्याला घामाचा वास होता. त्याला गुदगुल्या झाल्या आणि तो हसला. "उतरला." सोनूबाईच्या नवऱ्याने डोळे मिटून घेतले होते. "उतरला." आप्पाच्या बारक्याचा खांदा तर पोरसवदाच होता. निलूका मोबाईल वर धरून सगळं टिपत होती, आणि टेकराजला काहीतरी विचारत होती. टेकराजने मान हलवून उत्तर दिलं.

कार्यक्रम झाल्यावर गाडी आली. पोरांना रात्रीच्या आत चिपळूण गाठायचं होतं, म्हणून ती जेवायला थांबली नाहीत. आप्पाने त्यांना आंबापोळी आणि फणसाच्या साटांच्या पिशव्या दिल्या. मथुरा मांडवाच्या कडेने गाडीपाशी गेली. निलूकाने तिला मिठी मारली. मोनीर वाकला. टेकराज शेवटी आला.

मथुराचे हात अजून तेलकट होते. तिने उजवा हात उचलला आणि त्याच्या खांद्याकडे नेला.

तो मागे सरला. दोन बोटांचं अंतर राहिलं. "नको, आज्जी," तो हळू आवाजात म्हणाला. "ते बघतात. आणि ह्या वाटीतलं नको."

"बाबा, मी..."

"कळलं मला. सून आहे." त्याने पिशवी उचलून त्याच खांद्यावर टाकली. "माझा बाप इकडे बागेत मेला. आंब्याचे दिवस होते. त्याला कोणी उचललं ते आईला अजून माहीत नाही. मी इकडे आलो कारण वाटलं, विचारता येईल कोणाला तरी." तो जरा थांबला. "आता नाही विचारणार. काय सांगतील ते कळलं."

गाडी वळणावर गेली. खचलेल्या रस्त्यावर ती डुलत होती, आणि मागच्या काचेतून निलूका हात हलवत होती. मथुरा हात लुगड्याला पुसत उभी राहिली. तेल निघेना.

"वयनी गो!" सोनूबाईने मांडवातून हाक मारली. "पहिली पंगत उठली, आता बायका बसतायत. ये लवकर, तुज्यासाठी पाट धरून ठेवलाय."

मथुरा गेली. सोनूबाई आणि समीक्षाच्या मध्ये तिच्यासाठी जागा होती. पत्रावळीवर भात पडला, वरण पडलं, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडा. पलीकडच्या बाया तिच्याकडे बघून बोलत होत्या. लावणी कुठवर आली, समीक्षाचं पोट पुढे आहे म्हणजे पोरगा, घराला कौलं किती लागतील. चार वर्षं कोणी विचारलं नव्हतं ते सगळं एकदम विचारत होत्या. मथुराला वाटलं होतं, घास घशाखाली उतरणार नाही. तिने भात कालवला आणि तोंडात घातला. सांबारं जुन्या पद्धतीचं होतं, वाटपात भाजलेलं खोबरं घातलेलं, तिच्या सासूच्या वेळचं. एवढ्या मोठ्या पातेल्यात शिजल्याशिवाय ही चव येत नाही. घरच्या टोपात तिने कितीदा करून बघितलं होतं.

धोंडू वाढत आला. "मथुरावयनी, भात?"

"वाड," मथुरा म्हणाली, आणि पत्रावळ पुढे केली.